फाट्याला वळसा घालून गेलेला रस्ता

मी गाव सोडलं त्या सकाळी बस आमच्या फाट्यावर थांबणार नव्हती. वसमतचा बाजार होता, गाडी औंढ्याहूनच ठासून भरून येत होती, आणि अशा दिवशी ड्रायव्हर चिंचफाट्यावर फक्त वेग कमी करायचा, खिडकीतून हात काढून 'मागून येतीया' अशी खूण करायचा आणि निघून जायचा. मागून कधी काही येत नसे. मला वसमत, मग नांदेड आणि तिथून पुण्याची गाडी गाठायची होती.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्या सकाळी कामावर होते. ते रस्त्याच्या खात्यात मैलमजूर होते. राज्यमार्गाचा एक ठरावीक तुकडा त्यांच्याकडे सांभाळायला होता. त्याचे खड्डे भरायचे, कडेचं गवत काढायचं, मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवायची. त्यांनी लांबूनच बस पाहिली, ती थांबणार नाही हे ओळखलं, हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि लाल झेंडी घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बस करकचून थांबली.

"काय झालं हो? मोरी खचली का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"न्हाई. पोरगी पुन्याला चालली कामाला," दादा म्हणाले. "तिला घ्या."

आत हशा झाला, एकदोघांनी शिव्याही घातल्या, पण दार उघडलं. दादांचे कामावरचे जोडीदार हरसिंगकाका, शेजारच्या तांड्यावरचे, त्यांनी माझी बॅग माणसांच्या डोक्यांवरून आत सारली. माय रस्त्याच्या पलीकडं होती. फाट्यावर तिचं चहाचं हॉटेल होतं. चार बांबू आणि वर पत्रा, पण आम्ही त्याला हॉटेलच म्हणायचो. चुलीवर दूध होतं म्हणून ती आली नाही. हातातली सांडशी हलवून तिनं मला 'जा, जा' केलं. दादा खिडकीखाली आले. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "जागा भेटली की बस. उभी राहू नको लय वेळ."

तेव्हापासून मी कुठंही फार वेळ बसलेली नाही, ही गोष्ट वेगळी. गावात राहिलेल्या तुम्ही सगळ्यांनी ती सकाळ पाहिली आहे, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांची स्वतःची अशी एकेक सकाळ असेल. मी हे लिहितेय ते त्या सकाळसाठी नाही. पुढं जे झालं ते तुमच्यातल्या काहींना अर्धवट माहीत आहे, काहींना चुकीचं माहीत आहे. ते मी एकदा सरळ सांगून टाकते.

आधी रस्त्याबद्दल, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं. हिंगोलीहून औंढा, औंढ्याहून वसमत, पुढं नांदेड. या रस्त्याचं वय विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. हरसिंगकाका म्हणायचे, हा रस्ता त्यांचाच. त्यांच्या तांड्यातले जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. "बैल उगं चढाला लागत न्हाई आन दलदलीत पाय देत न्हाई," काका सांगायचे. "तो जिथून गेला तिथं वाट पडली. मंग निजामाचा इंजनेर आला. त्यानं काय केलं? आमच्या बैलाची वाट मोजली." निजामाच्या वेळी तिच्यावर मुरूम पडला, कडेला चिंचा लागल्या, मैलाचे दगड बसले. दादांच्या हद्दीत तसा एक दगड उरला होता. त्याच्यावरचा उर्दू आकडा आमच्यात कुणालाच वाचता येत नव्हता, तरी दादा दर दिवाळीला त्याला चुना लावायचे. पुढं डांबर आलं. मोठ्या दुष्काळात माझी आजी याच रस्त्याची खडी फोडायला होती आणि आठ-दहा वर्षांचे दादा तिच्या हाताखाली घमेली उचलायचे. म्हणून ते कधीकधी म्हणायचे, "मी खात्यात नंतर लागलो. रस्त्यावर आधीपासून हाय."

आम्हा लेकरांना हा रस्ता म्हणजे अंगणच होता. हळदीच्या दिवसांत कुरुंद्याकडून भरलेल्या गाड्या वसमतला जायच्या, मागं पिवळी धूळ सोडून. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं जायचे, दोन-दोन ट्रॉल्या जोडून, आणि फाट्यावरच्या वळणाला मागची ट्रॉली शेपटीसारखी हलायची. ते वळण वाईट होतं. बैलांना ते सोयीचं असेल, ट्रॉल्यांना नव्हतं. आमची शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला.

मी सातवीत असताना माझ्या बाकावर बसणारी कविता त्या वळणावर ट्रॉलीखाली गेली. शाळा सुटली होती, आम्ही पाच-सहा जणी होतो. ती चप्पल उचलायला मागं वळली, एवढंच. पुढचं मी लिहीत नाही. दादा आणि हरसिंगकाका सगळ्यांत आधी धावत आले, कारण ते तिथंच काम करत होते. सगळं झाल्यावर, माणसं पांगल्यावर, दादांनी घमेल्यानं मुरूम आणला आणि त्या जागेवर पसरला. मग पुन्हा आणला. पुरेसा झाला तरी ते आणतच राहिले. शेवटी काकांनी त्यांच्या हातातून घमेलं काढून घेतलं.

नांदेडला मी स्थापत्यची पदविका केली आणि पुण्यात एका रस्ते आखणाऱ्या खासगी ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढायला लागले. गावात सगळ्यांना वाटायचं मी इंजिनीअर झाले. नव्हते झाले. इंजिनीअर सांगतील ती रेष काढणारी होते. पण रस्त्याची भाषा शिकले. अलाइनमेंट, चेनेज, कर्व्ह, जंक्शन. ऑफिसात कुणी 'न्हाई' म्हटलं की हसायचे, म्हणून मी वर्षभरात 'नाही' म्हणायला शिकले, आणि घरी फोनवर 'नाही' म्हटलं की माय विचारायची, "कोन बोलून राहिलं?" मी चार वर्षांत पाच खोल्या बदलल्या. कुठं पाण्याची अडचण, कुठं मालकीण, आणि एकदा तर काहीच अडचण नसताना. रविवारी मी उगाच कुठल्याही बसमध्ये बसायची आणि शेवटच्या थांब्यावरून परत यायची. शेजारच्या प्रवाशाला कळायचं नाही ही बाई खिडकीतून मोऱ्या का मोजतेय.

एका सकाळी आमच्या साहेबांनी नवीन फाइल दिली. मराठवाड्यातला एक राज्यमार्ग रुंद करायचा होता. मी उपग्रहावरून काढलेला फोटो उघडला आणि गावाचं नाव वाचायच्या आधी ते वळण ओळखलं. आमच्या चिंचा वरून दोन हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. मायच्या हॉटेलाचा पत्रा एका बारीक चमकणाऱ्या दाण्याएवढा.

फाट्यावर दोन मार्ग होते. एक, आहे तोच रस्ता रुंद करायचा. मग वस्तीतली पुढची घरं, शाळेची भिंत, चिंचा, मायचं हॉटेल, सगळं जाणार. दुसरा, गावाला बाहेरून वळसा घालायचा, बायपास. मग घरं वाचणार, पण रस्ता मागच्या शेतांतून जाणार. साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. त्यांना माहीत होतं मी तिकडची आहे, नेमकी कुठली ते नव्हतं.

"सुजाता, तू त्या भागातली ना? तुला काय वाटतं?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं. मी लगेच म्हणाले, "बायपास, सर. त्या वळणावर माणसं मरतात."

हे खोटं नव्हतं. पण त्याच क्षणी मला पडद्यावर दिसत होतं की बायपासची रेष हरसिंगकाकांच्या शेतातून जातेय. नुसत्या शेतातून नाही, त्यांच्या विहिरीवरून. उपग्रहाच्या फोटोत ती विहीर झाडाच्या सावलीसारखी दिसत होती. दुसऱ्या कुणाला ती विहीर आहे हे कळलंही नसतं. मला कळलं, कारण मी तिच्यात पोहायला शिकले होते. माझ्या कमरेला पांगऱ्याचा ओंडका बांधून काकांनीच मला ढकललं होतं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्याकडं टोकाला येतं, येतं तेव्हा येतं. तांड्याच्या त्या बाजूची हळद त्या एका विहिरीवर उभी असते.

मी बोलू शकले असते. 'सर, इथं विहीर आहे' एवढंच. पण रेष थोडी सरकवायची तर वळण पुन्हा आखावं लागणार, पुढची सगळी पानं बदलणार, आणि साहेबांना विचारल्याबद्दल पश्चात्ताप होणार. मला वाटलं, प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी कुणीतरी पाहीलच. मी रेष काढली. सावलीवरून काढली. मग डबा खाल्ला.

बायपास का ठरला हे मला आजही माहीत नाही. माझ्यापेक्षा मोठ्या लोकांनी, मोठ्या टेबलांवर ठरवलं असेल. माझ्या वाक्याचं वजन त्यात किती, शून्य की थोडं, हे कुणी सांगणार नाही. पण वाक्य माझं होतं आणि रेषही माझ्या हातची.

घरी मी काही सांगितलं नाही. ऑफिसचं गुपित, असं स्वतःला सांगत होते. वर्षभरानं मोजणीवाले आले, शेतांत दगड रोवले गेले, आणि एके दिवशी दुपारी हरसिंगकाकांचा फोन आला.

"बेटा, तू तिकडं रस्त्याच्याच हापिसात हाईस ना? जरा पाहून सांग बरं. हिरीच्या काठाला दगड रोवून राहिले हे लोक. कोनी काढलं असंल हे?"

"माहीत नाही काका," मी म्हणाले.

"बरं बरं. तुला तकलीफ नको. उगं इचारलं." आणि मग, "जेवलीस का?"

तो शेवटचा प्रश्न मला पचला नाही. पुढचे आठ-दहा दिवस मी कामावर चुका करत होते. शेवटी रजा टाकली आणि निघाले.

सकाळची वेळ होती, मायच्या हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. दादा बाकड्यावर बसले होते. तोवर ते निवृत्त झाले होते, पण फावडं अजून त्यांच्या हाताशीच असायचं. मी सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हणाले, विहीर ओळखूनही गप्प कशी बसले, काकांशी फोनवर खोटं कशी बोलले. दादांनी मधे एकदाही तोडलं नाही. माय कप विसळत होती, तिचे हात थांबले.

"म्हंजी बशी आता फाट्यावर येनारच न्हाईत?" तिनं विचारलं.

घरं, चिंचा, शाळेची भिंत, हे सगळं मी वाचवलं असं मला वाटत होतं. बायपास झाला की चहा प्यायला फाट्यावर कोण येणार, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तीस वर्षं जी बाई याच जागेवर उभी होती तिची मी मुलगी.

"मंग मी कोनाला च्या पाजू?" माय म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

दादा उठले. "चल," म्हणाले.

ते मला शेतांतून घेऊन गेले, जिथून रोवलेले दगड सुरू होत होते तिथपासून जिथं संपत होते तिथपर्यंत. प्रत्येक दगडापाशी थांबले आणि रान कुणाचं ते सांगितलं. कुणाची भावाभावांत वाटणी झालेली, कुणाच्या सुनेनं यंदा पहिल्यांदा हळद लावलेली, कुणाच्या आजोबांची समाधी बांधावर. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. रस्त्यावर वाढलेली मी, रस्त्यापासून दोनशे पावलं आत काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या दगडाशी ते म्हणाले, "बायपास व्हायला पाहिजे होता. कवितासारखी अजून पाच लेकरं म्या उचलली, तुला सांगितली न्हाईत. तू बोललीस ते बराबर बोललीस. पन हिर पाहून गप बसलीस, ते काहून?"

"साहेबांना त्रास होईल म्हणून," मी म्हणाले. उघड्या रानात ते वाक्य फारच लहान वाटलं.

"आता हरसिंगला जाऊन सांग. म्या न्हाई सांगनार."

तांड्यावर काका अंगणात दोर वळत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. ऐकून झाल्यावर त्यांनी दोर बाजूला ठेवला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, तेही मी घेतलं नाही.

"म्हंजी फोनवर तुला ठावं होतं," काका म्हणाले.

"व्हय." किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडातून आला.

"हिर माझ्या बापानं खांदली. सुरुंग लावायला मानूस मिळंना तवा माय आन बाप दोघांनी पहारीनं फोडली." मग ते म्हणाले, "सरकंल का ती रेघ? खरं सांग. उगं धीर देऊ नको."

तो प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा काही उपयोग दिसला. मी म्हणाले, सरकू शकते. वळण थोडं आधी सुरू केलं तर नियमात बसून रेष विहिरीच्या उत्तरेनं जाते. शेताचे दोन तुकडे होतील, ते टळत नाही. पण विहीर वाचेल. आणि रस्त्याखालून एक नळी मागून घेतली तर पलीकडच्या तुकड्याला पाणीही देता येईल. फक्त हे आता मला ऑफिसात सांगून होणार नाही. वेळ निघून गेली. हे तुम्ही हरकत म्हणून लिहून द्यायला हवं.

"आमाला काय लिवता येतंय असलं?"

"मी लिहिते."

ती हरकत मी मायच्या हॉटेलात बसून लिहिली, दोन बसच्या मधल्या वेळात, हातानं, चार पानं. वळण कुठं सुरू करायचं, किती सरकवायचं, नळी कुठल्या जागी, सगळं. दुपारी लिहून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच्याच नकाशाविरुद्ध तक्रार लिहिली आहे. साहेबांना आधी कळवावं असं मनात आलं होतं. कळवलं नाही. आधी गप्प बसून चुकले होते, आता बोलून, पण पुन्हा चोरून.

सुनावणीला मी नव्हते, पुण्यात होते. काय झालं ते दादांनी फोनवर सांगितलं. वसमतला सगळे जमले होते, आमच्या ऑफिसचे साहेबही आले होते. हरकत वाचली गेली. साहेबांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?"

हरसिंगकाका उठून उभे राहिले. डोक्यावरचा पटका सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या गावची पोरगी हाय, सुजाता. तुमच्यासारख्याच हापिसात मोठ्या कामावर हाय पुन्याला. तिनं लिवलं."

दादांनी त्यांचा शर्ट ओढला म्हणे. उशीर झाला होता.

काकांचा मला कसा राग येणार? ते मिरवत होते. मी खोटं बोलले, विहीर घालवत होते, आणि तरी त्या भरल्या खोलीत त्यांनी मला गावची पोरगी म्हणून उभं केलं होतं.

साहेबांनी दोन दिवसांनी बोलावलं. ते आवाज चढवणाऱ्यातले नव्हते. "लिहिलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे इथं, मला सांगून करायला हवं होतंस. रेष काढली त्याच दिवशी. आता मला विचारतायत की तुमचीच माणसं तुमच्याविरुद्ध अर्ज कशी लिहितात. मी काय सांगू?" त्यांचंही बरोबर होतं. मी राजीनामा दिला. त्यांनी तो ठेवून घेतला, आणि मी दारापर्यंत गेल्यावर विचारलं, "ती विहीर खोल आहे का?" मी म्हणाले, "खूप." त्यांनी मान हलवली.

काही महिन्यांनी दादांनी सांगितलं की विहिरीकाठचे दगड उपटून उत्तरेला रोवलेत.

आता मी हैदराबादला असते. इथंही रस्त्यांचंच काम. गंमत वाटते, आमच्या सडकेचा हुकूम कधीकाळी याच शहरातून सुटला असेल. पुण्यात माझ्या ज्या शब्दांना हसायचे ते इथं रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. बराबर, तकलीफ, जरा ठैरो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आता मन लागेल. नाही लागलं. इथंही दुसरी खोली चालू आहे. रविवारी इथल्याही बस मी शेवटच्या थांब्यापर्यंत पाहून घेतल्यात. माझ्यासोबत नांदेडला शिकलेल्या मुलींमधली एक मस्कतला आहे, तिचा मेसेज येतो, 'तुझं बरंय, तुला गाव एका बसवर आहे.' तिला कसं सांगू, ती बस आता गावात येत नाही.

नवा रस्ता झाला. सिमेंटचा, पांढरा, दुभाजकाचा. वाहनं तिथून सुसाट जातात. फाट्यावर त्यानंतर एकही लेकरू गेलेलं नाही, हे दादा दर फोनला सांगतात, जसं काही त्याची हजेरी त्यांच्याकडं आहे. जुना रस्ता तिथंच पडून आहे, चिंचांसकट. त्याच्यावर आता शिजवलेली हळद वाळत घालतात. मायनं बायपासवरच्या नव्या चौकात हॉटेल हलवून पाहिलं. तिथं गाड्या चहासाठी थांबत नाहीत, उन्हाला आडोसा नाही. दोन महिन्यांत तिनं पत्रा उतरवला. आता ती शाळेत खिचडी शिजवते. "लेकरं च्या पीत न्हाईत," म्हणते, "पन वरडतात गिऱ्हाइकावानीच." ती हे हसून सांगते. तिचं हसू पूर्ण खरं आहे का, हे मी विचारलेलं नाही. त्या एका गोष्टीत मी अजून गप्प आहे.

मागच्या हिवाळ्यात गेले होते तेव्हा बसनं नव्या चौकात उतरवलं. शेजारचा प्रवासी वाटेत रस्त्याचं कौतुक करत होता, नांदेड किती जवळ आलं म्हणून. त्यानं विचारलं, "तुमचं घर कुठं?" प्रश्न साधा होता. हैदराबादच्या खोलीला मी घर म्हणत नाही. गावात आठ दिवसांच्या वर राहिले की माझे पाय शिवशिवतात, हेही मला माहीत आहे. पुण्यात, हैदराबादला मी उद्या काहीही केलं तरी 'हे काहून केलंस' असं विचारायला कुणी येणार नाही. चुकलं तर पगार थांबेल, खोली बदलेल. या एका जागी मात्र माणसं आहेत ज्यांना तो प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि विचारून झाल्यावर जेवलीस का म्हणण्याचाही. एवढंच मला घर म्हणून उरलंय. प्रवाशाला मी म्हणाले, "इथंच, मागं."

दुसऱ्या दिवशी हरसिंगकाकांनी शेतात बोलावलं. रस्त्याखालच्या नळीतून नवीन पाइप टाकला होता आणि पलीकडच्या तुकड्याला पहिल्यांदा पाणी सोडायचं होतं. रस्ता ओलांडायला जागा नाही, दुभाजक आहे. पार लांबच्या मोरीखालून वाकून जावं लागतं. मी तशी पलीकडं गेले. काका अलीकडं विहिरीपाशी, मी पाइपाच्या तोंडाशी, मधे ट्रक धडधडत होते. हाक ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांच्याही कानाला मोबाइल.

"मोटर लावली. आलं का?"

"नाही काका."

"आता?"

"अजून नाही."

मी पाइपाच्या तोंडाकडं पाहत होते. कागदावर मी तिथं नुसता एक आडवा दांडा काढला होता. उतार पुरेसा आहे का, नळी मधे दबली तर नाही, सांधा सुटला असेल का, सगळं डोक्यात धावत होतं. वरून एक रिकामी उसाची ट्रॉली गेली आणि बांध थरथरला.

"काय करून राहिलं बेटा? न्हाई आलं?"

पाइपातून आधी हवा आली, मग एक उचकी, मग गढूळ पाणी, पाठोपाठ खळखळून स्वच्छ. ते सरळ माझ्या बुटांवर आलं आणि वाट मिळेल तिकडं पसरायला लागलं.

"आलं काका! आलं!"

"मंग हुभी काहून राहिलीस?" काका फोनमध्ये ओरडले. "फावडं आसंल बघ बांधावर. लाव सरीला, वाया चाललं पानी!"

मी फोन खिशात टाकला, बूट काढले आणि फावडं शोधायला पळाले.